दृष्टिभय आहे, हरिहरला जाऊ का?

थंडी सुरू झाली की या सदराकडे ट्रेकच्या प्रश्नांचा ढीग लागतो, बूट कुठले घेऊ, टेंट भाड्याने कुठे मिळेल वगैरे. यावेळी मात्र चार पत्रं एकाच दुखण्याची आलीत, उंचीची भीती, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज ही चारच. पहिल्या पत्राला जागा जास्त जाणार आहे कारण त्यातला प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न: ताई, मी 27 वर्षांची, ठाण्यात राहते. कॉलेजपासूनचा आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, त्यातली एक जानेवारीच्या शेवटी कॅनडाला चाललीय, कायमची. तिची इच्छा म्हणून जाण्याआधी सगळ्यांनी नाशिककडचा हरिहर किल्ला करायचं ठरलंय. ग्रुपवर रोज त्या पायऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ पडतात, सगळे उड्या मारतायत आणि मी नुसता अंगठा देते. खरं सांगायचं तर फोटो बघूनच माझ्या तळपायाला घाम येतो. चालण्याचं मला काही वाटत नाही, दम चांगला आहे. पण गेल्या वर्षी कळसूबाईला एका शिडीवर मध्येच थांबले, हात सुटेचनात, मागे लोक खोळंबले, खालून कुणीतरी ओरडलं "चला ना मॅडम", शेवटी मैत्रिणीने वरून हात दिला म्हणून गेले. उतरताना सगळा वेळ डोळ्यात पाणी होतं, ग्रुपला वाटलं दमले आणि मी पण तसंच सांगितलं. आता नाही म्हणावं तर तिचं मन मोडतं, हो म्हणावं तर तिथे माझं काय होईल या विचाराने झोप लागत नाही. जाऊ का? आणि गेले तर त्या पायऱ्यांवर करायचं काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: अगं, तुला जे होतं त्याला डोंगरात फिरणारे लोक दृष्टिभय म्हणतात, आणि मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण हे भय उंचीचं कमी आणि डोळ्याला जे दिसतं त्याचं जास्त असतं. हीच माणसं विमानात खिडकीची सीट मागून घेतात आणि खाली बघत मजेत चहा पितात.

हे का होतं ते आधी समजून घे, कारण मला स्वतःला ते समजलं तेव्हा अर्धा भार उतरला होता. आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर सतत थोडंथोडं डुलत असतं, आपल्याला कळत नाही इतकं. ते सावरायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो, डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि पायाचे तळवे-सांधे. घरात डोळ्यांना जवळ भिंत असते, टेबल असतं, आपण जरा डुललो की ते सरकल्यासारखं दिसतं आणि मेंदू लगेच सावरतो. कड्याच्या टोकाला जवळ काहीच नसतं, समोरचा डोंगर कुठच्या कुठे लांब, मग तेवढ्या डुलण्याने डोळ्यांना काही फरक दिसतच नाही. पाय सांगतायत हललो आणि डोळे सांगतायत काही नाही झालं, या भांडणात पोटात गोळा येतो आणि पाय लटपटतात. म्हणून तर खाली बसलं की बरं वाटतं, पालथं पडलं की अजून बरं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून खाली बघताना पट्टीचे ट्रेकरसुद्धा पोटावर पडून सरपटत जातात, त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. जर्मनीत काही वर्षांपूर्वी मोठी पाहणी झाली होती त्यात साधारण 28 टक्के लोकांनी सांगितलं की आयुष्यात कधी ना कधी आम्हाला उंचीवर असा त्रास झालाय. म्हणजे तुमच्या सहा जणांत अजून एखादा जण तुझ्यासारखाच अंगठे देत बसलेला असू शकतो.

आता हरिहर. उंची साधारण 1120 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या 1646 पुढे काहीच नाही. खालच्या निरगुडपाडा गावातून निघालं की शेतं, मग झाडी, मग चढ, असं पायऱ्यांच्या पायथ्याच्या धारेपर्यंत तास-दीड तास लागतो, तुझा दम चांगला आहे म्हणतेस तर इथपर्यंत प्रश्नच नाही. तिथून पुढे एका सरळ रेषेत कातळात कोरलेला जिना, कुणी 60 अंशाचा म्हणतं कुणी 80 चा, त्या आकड्यात मी पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना बोटं घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत, खोल, पक्क्या, हात आत गेला की दगडच तुला धरतो असं वाटतं. पायऱ्या संपल्या की महादरवाजा, आत गेल्यावर कड्याच्या पोटातून कोरलेली आडवी वाट, तिथे डोक्यावर कातळ आणि एका अंगाला दरी म्हणून वाकून जायचं, आणि त्यानंतर पायऱ्यांचा दुसरा टप्पा. फोटोत सगळे पहिला टप्पा दाखवतात पण दृष्टिभय असणाऱ्याला दुसरा टप्पा जास्त जड जातो, अरुंद आहे आणि वळत जातो. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतेय.

आणि एक लक्षात घे, हा जिना माणसाला भीती वाटावी म्हणूनच असा काढलाय. एका वेळी एकच माणूस चढेल, दोन्ही हात खोबण्यांत अडकलेले, वरच्याला नुसता धोंडा सोडला तरी पुरे. म्हणजे तुझ्या शरीराला तिथे जे वाटणार आहे ते अगदी बरोबर आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा 24 ची होते आणि त्या दुसऱ्या टप्प्यात अडकले. वर जाईना, खाली येईना. वीस मिनिटं मी एका पायरीला कवटाळून होते. बरोबरचे सगळे "काही नाही गं, ये, सोप्पंय" म्हणत होते आणि प्रत्येक "सोप्पंय" ने मी अजून आखडत होते. गावातले एक मामा आमच्याबरोबर होते, ते माझ्या दोन पायऱ्या खाली येऊन उभे राहिले आणि माझा डावा पाय घोट्याला धरून म्हणाले, "बाई, हा पाय माझा. तू फक्त हाताचं बघ." मग गावाकडे भात झोडून झाला का, आमच्याकडे काय पिकतं, असं बोलत बोलत एकेक पायरी मला वर नेलं आणि दुपारी तसंच खाली आणलं. सोपं आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आज इतकी वर्षं मी लोकांना डोंगरात नेते, पण दृष्टिभय गेलंय असं म्हणणार नाही, आहे, फक्त आता त्याची सवय आहे आणि ते आलं की काय करायचं ते हातापायांना माहीत आहे.

तर जाऊ का या प्रश्नाला माझं उत्तर, जा, पण दोन अटींवर. पहिली अट, आजच्या आज ग्रुपवर सांगून टाक. कळसूबाईला दमले नव्हते, घाबरले होते, असं सरळ लिही. ही अट मी सोडणार नाही. लपवलेली भीती डोंगरात सगळ्यात धोकादायक असते, कारण मग तू थांबायला हवं तिथे थांबत नाहीस, मदत मागायला हवी तिथे मागत नाहीस आणि बरोबरच्यांना कळतच नाही की तुझ्याकडे लक्ष ठेवायचंय. जी मैत्रीण कॅनडाला चाललीय तिला तरी निदान फोन कर. तिला तू बरोबर हवीयस, त्या पायऱ्या तू कशा चढतेस हे तिला बघायचं नाहीये, माझी खात्री आहे.

दुसरी अट, मधल्या रविवारी सराव. कालिदासावर लट्टू झालेला तो जर्मन कवी गटे, तो तरुणपणी स्ट्रासबुर्गला शिकत असताना त्याला हाच त्रास होता, तर तो तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर मुद्दाम पुन्हा पुन्हा चढायचा आणि वरच्या चिंचोळ्या जागेवर उभा राहायचा, काही वाटेनासं होईपर्यंत. पुढे डोंगरात हिंडताना त्याला त्याचा उपयोग झाला. 1770 च्या सुमारासची गोष्ट आहे ही, आणि आजचे मानसोपचारवाले जे करून घेतात तेही मुळात हेच, थोडं थोडं, पायरी पायरीने, आणि भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, अर्ध्यात पळून यायचं नाही. तुला ठाण्याहून सोयीचं म्हणजे आधी लोहगड, रुंद पायऱ्या, बाजूला तटबंदी. मग कर्जतजवळचा कोथळीगड, ज्याला पेठचा किल्ला म्हणतात, तिथे जिना सुळक्याच्या पोटातून कोरत नेलाय त्यामुळे दोन्ही बाजूंना दगड असतो आणि तरी उंचीची सवय होते. तिसरा तिकोना, शेवटच्या पायऱ्या चांगल्या उभ्या आहेत. प्रत्येक ठिकाणी जिथे पोटात गोळा येईल तिथे खाली बस, दहा मिनिटं बस, पाठ कातळाला टेकव, समोर बघ. गोळा आपोआप विरघळतो, विरघळल्याशिवाय उठू नकोस.

आता पायऱ्यांवर काय करायचं ते. वीकेंडला जाऊ नका, सुट्टी काढा. शनिवार-रविवारी तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात, आणि मध्येच अर्धा तास खोळंबून राहणं ही दृष्टिभय असणाऱ्याला शिक्षा आहे. आदल्या रात्री पायथ्याला मुक्काम करा, उजाडायला निघा. सॅक छोटी, पाठीला घट्ट, मोठी सॅक मागे ओढते. हातात काठी नको, बाटली नको, खाऊचं पाकीट तर अजिबात नको कारण माकडं आहेत आणि ती पायऱ्यांवरसुद्धा अंगावर येतात. तुझ्या पुढे एक जण, तुझ्या खाली दोन पायऱ्यांवर ग्रुपमधला सगळ्यात शांत माणूस, सगळ्यात दणकट नव्हे, शांत. दोन हात दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा. नजर हाताच्या अंतरावर, पुढची खोबणी, पुढची पायरी. खाली बघू नको हे सगळेच सांगतात, मी म्हणते वर पण बघू नकोस, मान मागे टाकली की तोल अजून बिघडतो. पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला तर बहुतेक वेळा टाच हवेत असते आणि सगळा भार चवड्यावर असतो, पाऊल पूर्ण आत घे, टाच खाली दाब, थांबतं. श्वास सोडताना लांब सोड. पायऱ्या मोठ्याने मोज, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर जाण्याआधी उतरून बघ. जिन्यापाशी पोचलीस की पहिल्या दहा पायऱ्या चढ आणि लगेच उतर, कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं, खालच्याने पाय कुठे ठेवायचा ते सांगायचं. पुन्हा पंधरा चढ, पुन्हा उतर. उतरणं जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर वर जाऊच नकोस, कारण वर ओढून न्यायला मित्र असतात, खाली मात्र आपल्याच पायांनी यायचं असतं. निर्णयाची खरी जागा ती धार आहे, महादरवाजा नाही, दरवाजात बसून "आता नको" म्हटलंस तरी तो पहिला टप्पा उतरावाच लागतो. आणि धारेवर थांबायची वेळ आली तर तिथे मस्त वारा असतो, समोर सगळी त्र्यंबकची रांग दिसते, एका मित्राला बरोबर थांबव आणि डबे उघडून ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर मात्र ग्रुपमधल्या कुणीच जाऊ नका, तुझा प्रश्न नाही, ओल्या कातळाचा आहे.

प्रश्न: आम्ही पाच मित्र अलंग-मदन-कुलंग हे शेजारशेजारचे तीन किल्ले करतोय. एकाला उंचीची जाम भीती आहे म्हणून त्याला सांगितलंच नाहीये की रॉक पॅच, म्हणजे उभ्या कातळाचे टप्पे आहेत, साधा जंगल ट्रेक आहे असं सांगून नेतोय. एकदा वर पोचला की भीती निघून जाईल असं आमचं मत. बरोबर आहे ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. हे पत्र वाचून मला राग आला आणि तो लपवत नाही. अलंग आणि मदनवर दोर लावल्याशिवाय जाता येत नाही, मदनच्या वाटेवर पायऱ्या आहेत त्यांना एका बाजूने सरळ दरी आहे, आणि हे सगळं दोन-तीन दिवसांचं असतं, म्हणजे पहिल्या दिवशी कोलमडलेल्या माणसाला पुढे काय करणार आहात तुम्ही? सराव करून भीती कमी होते ती माणूस स्वतः ठरवून गेला तर, आणि मधून कधीही परत फिरता येईल हे त्याला माहीत असेल तर. फसवून नेलं की भीती पक्की होते आणि वर तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला ज्याच्यावर विश्वास नाही असा माणूस असणं याच्यासारखी वाईट गोष्ट डोंगरात नाही. आज त्याला सगळं सांग, फोटो दाखव. यायचं नसेल तर नको येऊ दे. यायचं असेल तर तिन्हींतला फक्त कुलंग करा, पायऱ्यांचा चढ लांबलचक आहे, घाम काढतो, पण दोर लागत नाही, आणि त्याला विचारून ठरवा. शिवाय तुमच्या पाच जणांत दोर लावायचं रीतसर शिक्षण कुणी घेतलंय हे पत्रात कुठेच नाही. घेतलं नसेल तर अनुभवी संस्थेबरोबर जा, त्याच्यासाठी नाही, तुम्हा पाचही जणांसाठी.

प्रश्न: वय 56, बायको 52. दोघांनी मिळून कळसूबाई करायची फार इच्छा आहे. मला शिड्यांची भीती वाटते. ऑफिसमधला एक तरुण सहकारी म्हणतो रात्री चढा, अंधारात दरी दिसत नाही त्यामुळे काही वाटणार नाही. करावं का? आणि भीती कमी करायला एखादी गोळी असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: रात्री चढताना खरंच काही वाटत नाही, बॅटरीच्या उजेडात चार पावलांपलीकडचं जग नसतंच, पण साहेब, उतरणार तुम्ही सकाळी आठला, लख्ख उन्हात, झोप न झालेल्या डोळ्यांनी आणि दमलेल्या गुडघ्यांनी, आणि तेव्हा त्याच शिड्या पहिल्यांदा दिसणार, त्याही वरून. ज्याला दृष्टिभय आहे त्याने वाट पहिल्यांदा दिवसाच बघावी असं माझं ठाम मत आहे. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे उजाडता उजाडता निघा, थांबत थांबत तीन-साडेतीन तास धरा, घाई कुणाची नाही. शिड्या लोखंडी आहेत, हाताला आधार आहे, चढताना-उतरताना दोन्ही वेळा तोंड शिडीकडे, आणि मागच्या लोकांना आधी पुढे जाऊ द्या, पाठीशी कुणी खोळंबलेलं नसलं की निम्मं सोपं होतं. नवरात्रात यात्रा असते, ते दिवस टाळा. वाटेत गावकऱ्यांकडे लिंबू सरबत, ताक मिळतं, प्रत्येक ठिकाणी टेका, त्यांचंही भलं होतं.

गोळीचं, मी डॉक्टर नाही आणि डोंगरासाठी कुणी ऐकीव गोळी घेऊ नये. मन शांत करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, तोलावर परिणाम होतो, आणि तोल तर तिथे सगळ्यात जास्त लागतो. दोन घोट घेऊन चढणारे पण मी पाहिलेत, त्यांना मी खाली पाठवते. भीतीने चक्कर येऊन पडेन ही बऱ्याच जणांची काळजी असते, पण रक्त बघून भोवळ येते तसं उंचीच्या भीतीत सहसा होत नाही, इथे नाडी आणि बीपी वर जातं. पण म्हणूनच 56 व्या वर्षी आधी बीपी, शुगर आणि हृदय एकदा तपासून घ्या, दोघांचंही.

प्रश्न: भीती माझी आहे, मुलाची नाही. तो 11 वर्षांचा आहे, वडिलांबरोबर गड चढतो. पुढच्या महिन्यात राजगड आहे. बालेकिल्ल्याच्या चढावर तो चढत असताना मी खालून ओरडत राहते, "सांभाळ, पडशील". मिस्टर म्हणतात तुझ्या ओरडण्यानेच पडेल एखाद दिवशी. मी काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर: ओरडू नका, मिस्टरांचं बरोबर आहे, कारण तुम्ही हाक मारली की तो वळून खाली बघणार, आईची हाक आहे. तुमची भीती खोटी नाही, बालेकिल्ल्याची वाट उभीच आहे, रेलिंग आहे तरी. पण लेकराला कठीण जागी फक्त एकाच माणसाचा आवाज यायला हवा आणि तो त्याच्या जवळ असलेल्याचा. चढताना वडील त्याच्या खाली, उतरताना पण वडील आधी खाली, हे घरीच ठरवून घ्या आणि तुम्हाला काय सांगायचंय ते सगळं पायथ्याला सांगून टाका, बुटाची नाडी, पाणी, काय ते. आणि तुम्ही बालेकिल्ल्याच्या चढाखाली उभ्या राहू नका, बघत राहिलं की राहवत नाही. पद्मावती माचीवर थांबा, देवीच्या देवळात बसा, तळ्याकाठी जा. दोघं दीड-दोन तासांत येतील. आल्यावर त्याला भूक लागलेली असेल, दशम्या तेवढ्या तुमच्याच पिशवीत ठेवा.